सांगोल्याचा मतदान इतिहास लिहिताना : यादी विजेत्यांची, गोष्ट मतदारांची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघाचा १९६२ पासूनचा मतदानाचा इतिहास लिहायचा आहे. विजेत्यांची यादी जमली आहे, पण शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) गणपतराव देशमुख एका ठिकाणी दहा वेळा निवडून आल्याचं दिसतं आणि दुसरीकडे अकरा वेळा. मतांची टक्केवारी दोन ठिकाणी जुळत नाही. आणि शेवटी ‘२०१९ मध्ये शेकापचा गड ढासळला, २०२४ मध्ये मतविभाजनामुळे तो परत मिळाला’ असं लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

दहा की अकरा हा गुंता पाच मिनिटांत सुटतो, तो आधी सोडवतो. खरी अडचण शेवटच्या वाक्यात आहे. त्यात ‘गड’, ‘ढासळला’ आणि ‘मतविभाजन’ असे तीन निष्कर्ष आहेत आणि विजेत्यांच्या यादीवरून त्यांतला एकही काढता येत नाही. कोण निवडून आलं हे यादी सांगते. मतदारसंघ कसा मतदान करत आला हे कळायला हरलेल्यांची मतं, मतदारसंघाची हद्द, मतदारांची संख्या आणि त्या त्या वर्षी लोकांसमोर कोणते पर्याय होते, हे सगळं लागतं.

आधी सांगाडा. १९६२ ते २०२४ या काळात महाराष्ट्र विधानसभेच्या चौदा सार्वत्रिक निवडणुका झाल्या : १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४. सांगोल्यात यात १९७४ ची पोटनिवडणूक मिळवायची. १९७२ मध्ये काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले होते. त्यांच्या निधनामुळे जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत गणपतराव परत आले. म्हणजे एकूण लढती पंधरा. त्यांपैकी शेतकरी कामगार पक्षाने बारा जिंकल्या, अकरा गणपतरावांनी आणि २०२४ ची डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी. उरलेल्या तीन म्हणजे १९७२, १९९५ आणि २०१९. शेवटच्या दोन्ही शहाजीबापू पाटील यांनी जिंकल्या, १९९५ मध्ये काँग्रेसकडून आणि २०१९ मध्ये शिवसेनेकडून.

दहा-अकराचा फरक इथेच पडतो. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल सार्वत्रिक निवडणुकीनिहाय असतात, पोटनिवडणूक त्यांत नसते. ज्याने फक्त ते अहवाल चाळले त्याला दहा विजय दिसतात. त्यामुळे कुठल्याही मतदारसंघाचा इतिहास लिहिताना मी सर्वांत आधी दोन सार्वत्रिक निवडणुकांच्या मधल्या काळात आमदार बदलला का, हे पाहतो. विधानसभेच्या सदस्यांची यादी आणि निवडणुकीचा अहवाल शेजारी ठेवले की पोटनिवडणूक लपून राहत नाही.

याच सांगाड्यावरून आणखी दोन प्रचलित वाक्यं तपासून घ्या. ‘सलग अकरा वेळा’ हे चूक आहे, कारण मध्ये दोन पराभव आहेत. ‘देशात एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा’ हेही टिकत नाही. केरळमधले के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. सांगोल्याचा विक्रम मोठाच आहे, त्याला अतिशयोक्तीची गरज नाही. आणि एकदा चुकीचं विशेषण छापलं गेलं की पुढचे दहा लेख तेच उचलतात, म्हणून इथे काटेकोर राहा.

आता हद्दीकडे येऊ. ‘सांगोला’ हे नाव १९६२ पासून टिकून आहे म्हणून मतदारसंघही तोच आहे असं नाही. १९६२ मध्ये विधानसभेच्या जागा २६४ होत्या, १९६७ पासून २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. जागा वाढल्या की जिल्ह्यातल्या सगळ्याच सीमा हलतात. २००८ च्या पुनर्रचनेत जागांचा आकडा २८८ च राहिला, पण २००१ च्या जनगणनेवर सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि २००९ पासून त्या लागू झाल्या. आजच्या सांगोला मतदारसंघात सांगोला तालुक्यासोबत पंढरपूर तालुक्यातल्या भाळवणी मंडळाची गावंही आहेत.

म्हणून पंधरा लढतींचा एकच आलेख काढू नका. त्यांचे चार गट करा. १९६२ एकटी. १९६७, १९७२ आणि १९७४ या तीन एकत्र. १९७८ ते २००४ या सात एकत्र. २००९ ते २०२४ या चार एकत्र. मतांच्या संख्येची आणि टक्क्यांची सरळ तुलना गटाच्या आतच करायची. गट ओलांडताना फार तर ‘पहिल्या क्रमांकावर कोण, दुसऱ्यावर कोण’ एवढंच बोलायचं. आलेख काढणारच असाल तर गट बदलतो तिथे रेघ तोडा. जोडलेली रेघ पाहिली की वाचक नकळत ‘मतं घटली’, ‘मतं वाढली’ असं वाचतो, आणि प्रत्यक्षात काही गावं आत-बाहेर झालेली असतात.

दोन बारीक पण हमखास चुका इथे होतात. मतदारसंघाचा क्रमांक प्रत्येक पुनर्रचनेत बदलतो. आज सांगोल्याचा क्रमांक २५३ आहे, पण जुन्या अहवालात २५३ वर दुसराच मतदारसंघ सापडेल. तक्ते क्रमांकाने जोडलेत तर भलत्याच तालुक्याचे आकडे तुमच्या तक्त्यात येऊन बसतात आणि बेरजा बरोबर असल्यामुळे शंकाही येत नाही. दुसरी चूक नावाची. आयोगाच्या कागदांत ‘सांगोले’ असं लिहिलेलं असतं, बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत ‘सांगोला’. शोधताना दोन्ही रूपं टाका, नाहीतर अर्धी सामग्री हाती लागणार नाही.

१९६२ च्या मागे जायचं ठरवलंत तर तयारी वेगळी लागते. १९५७ ची निवडणूक द्विभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांसाठी झाली होती, आणि त्या काळात काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार निवडून येत. अशा ठिकाणी प्रत्येक मतदाराला दोन मतं असत, त्यामुळे एकूण मतं मतदारांपेक्षा जास्त दिसू शकतात. ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका. (मराठवाड्यातला मतदारसंघ घेणाऱ्याला १९५२ साठी हैदराबाद राज्याचा अहवाल पाहावा लागतो आणि विदर्भातला घेणाऱ्याला मध्य प्रदेशचा. सोलापूर जिल्हा मुंबई राज्यातच होता, तेवढी तुमची धावपळ वाचली.) तुमच्या लेखासाठी १९६२ ही सुरुवात रास्त आहे : राज्यही नवं आणि एका मतदारसंघाला एकच आमदार हा नियमही तेव्हापासूनच.

टक्केवारी का जुळत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा भाजकात असतं. एकाच उमेदवाराची मतं चार वेगवेगळ्या संख्यांनी भागता येतात : वैध मतं, नोटासह एकूण मतं, पहिल्या दोन-तीन उमेदवारांची बेरीज, किंवा यादीतले एकूण मतदार. चारही टक्के खरेच, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. महाराष्ट्राच्या विधानसभेला नोटा २०१४ पासून आहे. नोटाची मतं वैध मतांत धरली जात नाहीत, तरी बरेच तक्ते ती बेरजेत घेतात. म्हणून २०१४ नंतरचे टक्के दोन ठिकाणी किंचित वेगळे दिसतात. त्याआधी मतपत्रिकांच्या काळात बाद मतांचा हाच घोळ होता. मी एकच भाजक ठरवतो, शक्यतो वैध मतं, आणि तक्त्याखाली तसं लिहून ठेवतो. दुसऱ्याच्या तक्त्यातून टक्के उचलत नाही. मतं उचलतो आणि टक्के स्वतः काढतो. ही सवय लावून घ्या, निम्मे गोंधळ तिथेच संपतील.

मतदानाच्या टक्केवारीबाबत आणखी काळजी घ्यावी लागते. १९८५ आणि १९९० या दोन निवडणुकांदरम्यान मतदारयादी एकदम फुगलेली दिसेल. मधल्या काळात मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, त्याचा हा परिणाम आहे, लोकसंख्येच्या वाढीने एवढी उडी बसत नाही. हंगामही पाहा. पूर्वी विधानसभेचं मतदान बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये होई. १९८० चं मे महिन्याच्या अखेरीस झालं, १९९९ चं सप्टेंबरमध्ये, २००४ पासून ते ऑक्टोबरमध्ये आलं आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झालं. दुष्काळी पट्ट्यात फेब्रुवारीत गावात असलेली माणसं आणि मे महिन्यात गावात असलेली माणसं सारखी नसतात. शिवाय १९६२, १९६७ आणि १९९९ या तीन वेळा लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या. या गोष्टी तक्त्यात शेरा म्हणून लिहिल्या नाहीत तर टक्केवारीतला चढउतार लोकांच्या उत्साहावर ढकलला जातो.

कागद कुठले पाहायचे? दोनच महत्त्वाचे. पहिला आयोगाचा सांख्यिकी अहवाल, ज्यात मतदारसंघनिहाय मतदार, झालेलं मतदान, प्रत्येक उमेदवार, पक्ष आणि मतं मिळतात. दुसरा नमुना २०, ज्याला सगळे फॉर्म ट्वेंटीच म्हणतात. तो अंतिम निकालाचा तक्ता असतो : आडव्या ओळींत मतदान केंद्रं, उभ्या रकान्यांत उमेदवार, मग वैध मतं, नाकारलेली मतं, नोटा, एकूण. टपाली मतांची ओळ शेवटी वेगळी असते. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांचे फॉर्म २० मिळतात. बरेचसे स्कॅन केलेले असतात, त्यामुळे आकडे हाताने उतरवावे लागतात. उतरवल्यावर प्रत्येक रकान्याची बेरीज तक्त्यातल्या बेरजेशी ताडून पाहा. स्कॅनमध्ये १ आणि ७, ३ आणि ८ यांची अदलाबदल नेहमी होते. मतमोजणीच्या दिवशीचे वर्तमानपत्रांतले आकडे पक्के समजू नका. ते अनेकदा शेवटच्या फेरीच्या आधीचे किंवा टपाली मतं वगळून दिलेले असतात.

फॉर्म २० वाचताना एखाद्या केंद्रापुढे सगळ्या उमेदवारांना शून्य दिसलं तर लगेच बहिष्कार पडला असं लिहू नका. बहिष्कार असू शकतो. पण मतदानापूर्वी घेतलेली अभिरूप (चाचणीची) मतं यंत्रातून पुसायची राहिली, किंवा यंत्रातला आकडा केंद्राच्या हिशेबाशी, म्हणजे नमुना १७ सीशी जुळला नाही, तर ते यंत्र बाजूला ठेवतात आणि मताधिक्य त्या मतांपेक्षा मोठं असेल तर ते न मोजताच निकाल लागतो. म्हणून त्या केंद्राचा १७ सी पाहा. तिथे मतदान झाल्याची नोंद असेल तर शून्याचं कारण तांत्रिक आहे.

केंद्रनिहाय तुलना करायचा मोह तुम्हाला होईल, आणि तो चांगला मोह आहे. पण केंद्राच्या क्रमांकाने तुलना करू नका. एका केंद्रावर साधारण दीड हजारांपर्यंत मतदार असा दंडक होता, २०२५ मध्ये आयोगाने तो बाराशेवर आणला. मतदार वाढले की केंद्र फुटतं आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०१४ चं ११० आणि २०१९ चं ११० ही दोन वेगवेगळी गावं असू शकतात. मतदान केंद्रांची यादी घेऊन आधी प्रत्येक केंद्रापुढे गाव लिहा, मग गावाची बेरीज करा, मग गावाशी गाव जुळवा. सांगोला शहराचं मात्र असं जमत नाही. तिथे प्रभाग आणि यादीचे भाग बदलत राहतात, म्हणून शहर एकच एकक धरा.

आणि हे सगळं किती मागे नेता येतं? राज्यभर यंत्रावर विधानसभेचं मतदान पहिल्यांदा २००४ मध्ये झालं. त्याआधी मतपत्रिका होत्या, आणि कोणत्या गावाने कोणाला मत दिलं हे उघड होऊ नये म्हणून अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याचा आदेश आयोग देऊ शकत असे. त्यामुळे १९९५ च्या लढतीबद्दल ‘अमुक गावाने दगा दिला’ असं कोणी ठामपणे सांगितलं तर ते ऐकीव म्हणून नोंदवा, आकडेवारी म्हणून नको. ती लढत अवघ्या १९२ मतांनी ठरली होती. एवढ्या फरकात कुठलंही एक गाव, एक भावकी, एक रस्त्याचं भांडण निर्णायक ठरू शकतं, आणि म्हणूनच प्रत्येक गावाला आपलीच गोष्ट खरी वाटते. त्या वर्षाचा अहवाल पाहताना १९२ च्या शेजारी बाद मतांचा आकडा जरूर लिहा. मताधिक्यापेक्षा बाद मतं जास्त असतील तर वाचकाला लढतीची धार एका ओळीत कळते.

आता तुमच्या वाक्याकडे वळतो. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही लढती एकाच हद्दीत झाल्या, म्हणून इथे सरळ हिशेब मांडता येतो.

२०१४ मध्ये गणपतरावांना ९४,३७४ मतं मिळाली, शिवसेनेच्या शहाजीबापूंना ६९,१५०. फरक २५,२२४. २०१९ मध्ये गणपतराव उभे राहिले नाहीत. शेकापकडून त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख होते. शहाजीबापूंना ९९,४६४ आणि अनिकेत यांना ९८,६९६. फरक ७६८. २०२४ मध्ये शेकापचे बाबासाहेब देशमुख १,१६,२५६, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे शहाजीबापू ९०,८७० आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे दीपक साळुंखे ५०,९६२. फरक २५,३८६.

२०१४ वरून २०१९ कडे या. शेकापची मतं घटली का? नाही, ४,३२२ ने वाढली. हरलेल्या वर्षी पक्षाने आधीच्या विजयापेक्षा जास्त मतं घेतली! बदल झाला तो समोरच्या बाजूला, शहाजीबापूंची मतं ३०,३१४ ने वाढली. मग ‘गड ढासळला’ हे वर्णन कशाचं? आपली मतं टिकवून पक्ष हरला, कारण त्याच्या बाहेरची मतं एका ठिकाणी गोळा झाली. या गोळा होण्यामागे काय होतं हे शोधणं हे तुमच्या लेखाचं काम आहे. २०१४ मध्ये राज्यभर युती आणि आघाडी दोन्ही तुटलेल्या होत्या, २०१९ मध्ये शिवसेना आणि भाजप एकत्र होते. सुरुवात तिथून करा : २०१४ च्या यादीतल्या तिसऱ्या-चौथ्या उमेदवारांची मतं काढा, आणि ती गावनिहाय २०१९ मध्ये कुठे गेलेली दिसतात ते पाहा. नवे मतदार किती वाढले तेही शेजारी ठेवा. तीस हजारांची वाढ या दोन झऱ्यांतून किती आली याचा अंदाज बांधता येतो.

७६८ हा आकडा वाचकाला पोचवायचा असेल तर असं सांगा. पहिल्या दोघांची बेरीज १,९८,१६० आणि फरक त्याच्या ०.४ टक्क्यांहूनही कमी. ३८५ मतदारांनी एका बाजूचं मत दुसरीकडे टाकलं असतं तर निकाल उलटला असता. १,९८,१६० मतं पडायला दीड हजारांच्या मर्यादेने किमान १३३ केंद्रं लागतात, म्हणजे ही ३८५ मतं केंद्रामागे तीनही नाहीत. अशा निकालावर ‘लाट’, ‘कौल’, ‘सत्तांतर’ असे शब्द चढवू नका. निकाल पूर्ण खरा असतो, आमदार पूर्ण आमदार असतो, पण मतदारसंघाचं मन अर्धं-अर्धं होतं एवढंच त्यातून निघतं.

२०२४ च्या ‘मतविभाजना’चा हिशेब याहून रंजक आहे. तिसऱ्या उमेदवाराची मतं ५०,९६२, म्हणजे फरकाच्या दुप्पट. हे पाहून सगळे म्हणतात की तिसऱ्यामुळे दुसरा हरला. आधी हा दावा खरा ठरायला काय लागलं असतं ते मांडा. तिसरा उमेदवार नसता, त्याच्या सगळ्या मतदारांनी तरीही मतदान केलं असतं आणि पहिल्या दोघांतूनच निवड केली असती, असं धरलं तर शहाजीबापूंना जिंकायला त्यांतली किमान ३८,१७५ मतं लागली असती. म्हणजे दर चारांतली जवळपास तीन. तसं झालं असतं का? आकडे सांगत नाहीत. तेवढ्या मोठ्या प्रमाणाला पुरावा लागतो, आणि ‘दोन्ही शिवसेनाच ना’ हा काही पुरावा नव्हे. शेकाप आणि ठाकरे यांची शिवसेना एरवी एकाच आघाडीच्या बाजूच्या, म्हणून साळुंखे नसते तर त्यांची मतं शेकापकडे आली असती, असं कोणी उलट म्हटलं तरी तेही तितकंच निराधार.

आता बेरीज उलटी करून पाहा. २०१९ मध्ये शेकाप आणि शहाजीबापू यांची मिळून १,९८,१६० मतं होती. २०२४ मध्ये त्या दोघांचीच मिळून २,०७,१२६ झाली, म्हणजे जवळपास नऊ हजारांनी वाढली. तिसऱ्याची एक्कावन्न हजार त्याच्या वर! शहाजीबापूंची घट ८,५९४ आहे, शेकापची वाढ १७,५६०. तिसऱ्याने दुसऱ्याच्या घरातून पन्नास हजार नेली असं यात कुठेच दिसत नाही. अर्थात घरातून गेली आणि नवी आली असंही असू शकतं, निव्वळ बेरजेत ते लपतं. पण एकूण मतदान बरंच वाढलं आहे एवढं नक्की, आणि म्हणून पहिला प्रश्न ‘कोणाची फुटली’ हा नसून ‘ही नवी मतं कुठून आली’ हा आहे. यादीतले मतदार किती वाढले, टक्केवारी किती वाढली, २०१९ मध्ये इतर उमेदवारांकडे किती होती, हे तिन्ही अहवालातून काढा. मग फॉर्म २० घेऊन, साळुंखे यांना सर्वाधिक मतं दिलेली वीस-पंचवीस गावं निवडा आणि त्या गावांत २०१९ च्या तुलनेत कोण उतरलं ते पाहा. विभाजन झालं असेल तर ते तिथे दिसेल.

मी आणखी एक माप वापरतो. फक्त शेकाप आणि शहाजीबापू यांच्यातला वाटा काढला तर शेकाप २०१४ मध्ये ५७.७ टक्के, २०१९ मध्ये ४९.८ आणि २०२४ मध्ये ५६.१ टक्के येतो. विजेत्याचं नाव दोनदा बदललं, पण लंबक साताठ टक्क्यांच्या पट्ट्यात हलला आणि जवळपास मूळ जागी आला. एकच प्रतिस्पर्धी तिन्ही वेळा समोर असल्यामुळे हे माप इथे चालतं. जिथे दर वेळी नवा माणूस, नवा पक्ष असतो तिथे ते वापरू नका.

यामुळेच तक्त्यात पक्षाचा रकाना आणि व्यक्तीचा रकाना वेगळे ठेवा, असं आग्रहाने सांगतो. शहाजीबापू १९९५ मध्ये काँग्रेसचे, २०१४ आणि २०१९ मध्ये एकसंध शिवसेनेचे, २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे. पक्षनिहाय रेघ काढलीत तर काँग्रेस संपली आणि शिवसेना उगवली असं चित्र दिसेल, आणि माणूस मात्र तोच असेल. दुसऱ्या बाजूला पक्ष तोच राहिला आणि उमेदवार बदलत गेले. सांगोल्याचा इतिहास या दोन विजोड रेघांचा आहे. ‘विरोधकांचा बालेकिल्ला’ हे विशेषणही सरसकट लावू नका. १९७८ मध्ये पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारात गणपतराव मंत्री होते. काही काळ हा मतदारसंघ सत्तेच्या बाजूला होता, आणि मत मागण्याची भाषा त्या काळात वेगळी असणार.

लोक असं मतदान का करतात, यावर मी सर्वांत जपून लिहितो. सांगोल्याबद्दल पहिल्या परिच्छेदातच जातीचं गणित मांडण्याची पद्धत आहे. फॉर्म २० मध्ये जात नसते. जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर गावनिहाय जात मिळत नाही. मग ‘अमुक समाजाची इतकी टक्के मतं’ हे आकडे येतात कुठून? अंदाजातून, आणि बहुधा प्रचारातल्या अंदाजातून. त्याऐवजी जे मोजता येतं ते घ्या. हा पर्जन्यछायेतला, माण नदीच्या काठचा, डाळिंबाचा तालुका आहे. नीरा उजव्या कालव्याचं शेपूट, टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी हे इथल्या राजकारणाचे रोजचे विषय आहेत. कोणत्या गावाला कोणत्या वर्षी कोणत्या योजनेचं पाणी पोचलं याची यादी पाटबंधारे खात्याच्या कागदांवरून करता येते. ती गावनिहाय मतांच्या शेजारी ठेवा. पाण्याने मत फिरतंच असं मी म्हणत नाही. पाणी मिळालेलं गाव कृतज्ञ राहील की पुढची मागणी घेऊन दुसरीकडे वळेल, हे गावावर आणि त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असतं. पण हा दावा निदान तपासता येतो.

लोकसभेचे आकडे शेजारी ठेवायचे का? ठेवा, पण वेगळ्या पानावर. सांगोला आज करमाळा, माढा, माळशिरस, फलटण आणि माण यांच्यासोबत माढा लोकसभा मतदारसंघात आहे, आणि माढा हा मतदारसंघच २००९ पासूनचा. लोकसभेला शेकापचा उमेदवार नसतो तेव्हा त्याचे मतदार कुठे वळतात, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी लोकसभेच्या फॉर्म २० मधला सांगोल्याचा भाग उपयोगी पडतो. मात्र लोकसभेत मिळालेलं लीड सहा महिन्यांनी विधानसभेला जसंच्या तसं उतरेल असं गृहीत धरून लिहिलेले लेख २०२४ मध्ये राज्यभर फसले.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘२०१९ मध्ये गणपतराव प्रथमच रिंगणात नसताना शेकापची मतं २०१४ पेक्षा वाढली, तरी विरोधी मतं एकवटल्याने पक्ष ७६८ मतांनी हरला. २०२४ मध्ये वाढलेल्या मतदानात आणि तिरंगी लढतीत पक्षाने २५,३८६ मतांनी जागा परत मिळवली.’ यातलं ‘विरोधी मतं एकवटल्याने’ हे सध्या अनुमान आहे. गावनिहाय जुळणी झाल्यावरच ते ठाम करा, तोवर ‘एकवटल्याचं दिसतं’ असं लिहा.

कामाचा क्रम विचाराल तर २००९ ते २०२४ हा गट आधी पुरा करा, चार फॉर्म २० आणि गावांची एक यादी. मनापासून बसलात तर दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. मग १९७८ ते २००४ अहवालांवरून, आणि सर्वांत शेवटी १९६२ ते १९७४. १९७४ च्या पोटनिवडणुकीसाठी सोलापूरच्या दैनिकांचे त्या वर्षीचे अंक जुन्या वाचनालयांत शोधावे लागतील, म्हणून ती चौकशी मात्र आजच सुरू करा. बांधीव अंक काढून द्यायला वाचनालयं वेळ घेतात.